गावचे पाणी आणि पाणी सोडणारा माणूस



या व्याख्यानमालेत विद्वान माणसे बोलतात अशी तिची ख्याती आहे. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, आणि पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत बसून, पगारपत्रके, कायद्याची पुस्तके आणि न्यायालयांचे निवाडे चाळता चाळता झाले. संयोजकांनी मला कामगार चळवळीच्या भवितव्यावर बोलावयास सांगितले होते. मी त्यांना म्हटले, मला पाण्यावर बोलू द्या. त्यांना वाटले असावे की मी धरणांवर आणि उसावर बोलणार. माझा विषय त्याहून फार लहान आहे. दोन-चार हजार वस्तीच्या गावाला जी नळयोजना असते, एक विहीर किंवा बोअर, एक पंप, एक उंच टाकी आणि गावभर पसरलेले पाइप, त्या योजनेतले पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे कोण ठरवतो, एवढाच प्रश्न मला आज मांडावयाचा आहे.

गेली कित्येक वर्षे मी ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांत काम करतो. त्यांत झाडूवाले आहेत, शिपाई आहेत, वसुली करणारे आहेत आणि पाणी सोडणारे आहेत. हा पाणी सोडणारा माणूस पहाटे चारला उठतो. वीज असेल तेव्हा पंप चालू करतो, टाकी भरतो, मग एका आळीचा वॉल उघडतो, दुसरीचा बंद करतो. पाणी कमी आले की शिव्या त्याला, जास्त वाहून गेले की शिव्या त्यालाच. पाइप फुटला की खड्ड्यात उतरणारा तोच. आणि या सगळ्या धांदलीत त्याच्याकडे आणखी एक काम आहे, ज्याबद्दल कुणी त्याला शिव्याही देत नाही आणि शाबासकीही देत नाही. ते म्हणजे पाण्यात टीसीएल टाकणे.

टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. हिशेब अगदी सोपा आहे. चांगल्या पावडरीत शेकडा ३३ भाग क्लोरीन असतो. अशी पावडर १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम लागते. म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला पाव किलो. ती बादलीत कालवायची, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, आणि अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचे. हा अर्धा तास फार महत्त्वाचा आहे. क्लोरीन काही मंत्र नव्हे, जंतू मारावयास त्याला वेळ लागतो. पण गावात पाण्याची वेळ सहाची असेल आणि वीज साडेपाचला आली असेल, तर तो अर्धा तास कोण देणार? बाया हंडे घेऊन उभ्या आहेत, त्या काय म्हणतील ते तुम्हांला ठाऊक आहे.

शिवाय पावडर चांगली असली तर हा हिशेब. पोते एकदा फोडले आणि ओलसर कोपऱ्यात पडले की त्यातला क्लोरीन रोज थोडा थोडा उडून जातो. तीन महिन्यांनी त्यात निम्मा उरला, तरी हा भला माणूस पाव किलोच टाकत राहतो. पोत्यावर छापलेला आकडा आणि पोत्यातला माल यांत फरक पडलेला असतो. किराणा घेताना आपण डोळे उघडे ठेवतो. पाण्याच्या बाबतीत मात्र कागदावर लिहिलेले पुरे होते.

म्हणूनच किती टाकले यापेक्षा किती उरले हे पाहावे लागते. आम्हा कामगारांना ही गोष्ट चटकन समजते. पगार किती ठरला याला फारसा अर्थ नसतो. फंड गेला, सोसायटीचा हप्ता गेला, उचल वळती झाली, आणि मग हातात किती पडले हा खरा पगार. क्लोरीनचे तसेच आहे. पाण्यात जितकी घाण, तितका क्लोरीन ती खाऊन टाकते. जंतूंवर खर्च होऊन, पाइपातल्या शेवाळावर खर्च होऊन, गावाच्या शेवटच्या नळाला जो शिल्लक पोहोचतो तो मोजायचा. आपल्या देशाच्या १०५०० क्रमांकाच्या मानकाप्रमाणे एका लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा लागतो. मोजण्याची रीतही अवघड नाही. आपल्याकडे तिला ओटी टेस्ट म्हणतात. नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, न आला तर नाही. रंग तक्त्याशी ताडून आकडा लिहायचा. जाता जाता सांगतो, ते औषध, ऑर्थोटोलिडीन, माणसाच्या प्रकृतीला चांगले नव्हे. त्याला उघड्या हाताने शिवू नये. त्याऐवजी गुलाबी रंग देणारी डीपीडीची रीत अधिक चांगली. पण आमच्या माणसाच्या हातात मोजे कुणी दिले आहेत?

आता शिल्लक क्लोरीनचा दुसरा गुण पाहा, तो माझ्या मते पहिल्याहून मोठा आहे. समजा, रोज तुम्ही तेवढीच पावडर टाकता आणि रोज शिल्लक ०.२ किंवा ०.३ येते. एके दिवशी पाऊस पडून गेला आणि शिल्लक एकाएकी शून्य आली. याचा अर्थ काय? कुठून तरी घाण पाण्यात शिरली आहे आणि तिने तुमचा सगळा क्लोरीन खाल्ला आहे. तो शून्याचा आकडा म्हणजे गावाला घातलेली हाक आहे. प्रयोगशाळेचा अहवाल यावयास दोन-तीन दिवस लागतात. हा आकडा पाच मिनिटांत सांगतो. पण अट एकच, त्या दिवशी तो खरोखर मोजलेला असला पाहिजे.

एका ग्रामपंचायतीत मी कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगाराच्या भानगडीत गेलो होतो. हजेरीपटाबरोबर ओटी टेस्टची वहीही समोर आली. सबंध वर्षभर ०.२, ०.२, ०.२. एकाच शाईत, एकाच वळणात, जणू एका बैठकीत लिहिलेले. त्या वर्षी पंप जळून गावाला आठ दिवस पाणी नव्हते. त्या आठ दिवसांतही वहीत ०.२ होता! जे पाणी नळाला आलेच नाही, तेही शुद्ध निघाले.

तुम्ही हसलात, पण यात आपल्या लोकांच्या आळसाचा दोष आहे असे समजून कुणी स्वस्थ बसू नये. मी तुम्हांला एका दूरच्या गावाची हकिकत सांगतो. ती कॅनडातली आहे. त्या देशात गोड्या पाण्याला तोटा नाही, पैशालाही नाही. त्या गावचा चौकशी अहवाल प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी तो लिहिला आणि २००२ साली तो बाहेर आला. प्रत्येक पाणीपुरवठा समितीने तो एकदा वाचावा असा आहे.

ऑन्टारिओ प्रांतात वॉकरटन नावाचे ४,८०० वस्तीचे गाव आहे. आजूबाजूला शेती आणि गुरे. गावाचे पाणी आणि वीज एक छोटे मंडळ पाहत असे. पाणी विहिरींचे. त्यांतली पाच नंबरची विहीर १९७८ साली खोदलेली, उथळ, भेगाळलेल्या खडकातली, जवळच शेत. मे २००० मध्ये तिथे पाच दिवस मुसळधार पाऊस झाला, आणि १२ तारखेच्या सुमारास शेतात टाकलेल्या शेणखतातले जंतू त्या विहिरीत उतरले. एक ई-कोलायचा भयंकर प्रकार आणि दुसरा कॅम्पिलोबॅक्टर. ४,८०० वस्तीच्या गावात २,३०० हून अधिक माणसे आजारी पडली आणि सात दगावली. सत्तावीस जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला, त्यांत बहुतेक लहान मुले होती.

शेतकऱ्याचा दोष नव्हता, असे चौकशीत ठरले. त्याने खत रीतीप्रमाणेच टाकले होते. मग दोष कुणाचा?

पाणीपुरवठ्याचा कारभार दोघा भावांकडे होता. स्टॅन कोबेल व्यवस्थापक, फ्रँक कोबेल मुकादम. दोघेही वर्षानुवर्षे तिथेच काम करीत आलेले. पाणीपुरवठ्याचे रीतसर शिक्षण दोघांनाही नव्हते, पण परवाने होते. सरकारने परवान्यांची पद्धत सुरू केली तेव्हा जुन्या माणसांना परीक्षेवाचून, अनुभवाच्या जोरावर ते देऊन टाकले होते. तिथला नियम असा की क्लोरीन मिसळल्यावर पंधरा मिनिटांनी शिल्लक ०.५ मिलिग्रॅम असली पाहिजे, आणि ती रोज मोजून वहीत लिहिली पाहिजे. हे लोक मोजत नसत. वहीत मात्र ०.५ किंवा ०.७५ असे आकडे रोज पडत. नमुने एका जागी घ्यायचे आणि बाटलीवर दुसऱ्याच जागेचे नाव घालायचे, हाही तिथला रिवाज होता. आणि हे लोक काही गावाचे वैरी नव्हते. ते स्वतः त्या विहिरींचे क्लोरीन न घातलेले पाणी पीत, आणि आपले पाणी उत्तम आहे असा त्यांचा प्रामाणिक समज होता. गावकरीही पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून कुरकुर करीत, म्हणून तो कमीच टाकला जाई. आपल्याकडे टीसीएलचा वास आला की सरपंचाच्या दारात लोक जातात, त्याची आठवण होते की नाही?

१५ मे रोजी नमुने घेतले गेले. १७ तारखेला प्रयोगशाळेने कळवले की पाणी दूषित आहे. पण कळवले कुणाला? एकट्या स्टॅन कोबेलला. १९९६ साली प्रांताच्या सरकारने काटकसर म्हणून आपल्या प्रयोगशाळांतून गावांचे पाणी तपासणे बंद केले होते आणि ते काम खाजगी प्रयोगशाळांकडे गेले होते. वाईट निकाल आला तर सरकारला आणि आरोग्य अधिकाऱ्यांना कळवलेच पाहिजे असे कायद्याचे बंधन त्या प्रयोगशाळांवर कुणी घातले नव्हते. इकडे मुले रक्ताची हगवण होऊन दवाखान्यात येऊ लागली. १९ तारखेला आरोग्य खात्याने स्टॅन कोबेलला विचारले, पाणी कसे आहे? तो म्हणाला, ठीक आहे. निकालाचा कागद त्याच्या हाती येऊन दोन दिवस झाले होते. त्याला वाटले असावे की पाइप धुऊन काढू, भरपूर क्लोरीन सोडू, आणि कुणाला कळण्याआधी सारे सुरळीत होईल. अखेर २१ तारखेला दुपारी, त्याच्या शब्दावर न विसंबता, आरोग्य खात्याने पाणी उकळून पिण्याची सूचना दिली. तोवर फार उशीर झाला होता.

या हकिकतीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. २० तारखेला त्याच मंडळातल्या एका कर्मचाऱ्याने सरकारच्या आपत्ती केंद्राला फोन करून सांगितले की वॉकरटनच्या पाण्याचे निकाल वाईट आले आहेत. त्याने आपले नाव सांगितले नाही. खरे बोलणारा एक माणूस त्या जागी होता, पण त्याला निनावी बोलावे लागले! मग सरकारी माणसाने काय केले? त्याने उलट स्टॅन कोबेललाच फोन लावून विचारले. आणि तिथे त्याची समजूत घातली गेली.

मी युनियनचा माणूस. तुम्ही म्हणाल, आता हा त्या दोघा भावांचा कैवार घेणार. मी तो घेणार नाही. त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २००४ साली एकाला एक वर्षाचा तुरुंगवास, तर दुसऱ्याला नऊ महिने घरातच स्थानबद्धता अशी शिक्षा झाली. ती योग्य झाली. आमच्या सभासदावर कारवाई आली की त्याच्या मागे उभे राहायचे, ही आमची जन्माची सवय आहे आणि ती मला प्रिय आहे. तो उशिरा आला असेल, साहेबाला उलट बोलला असेल, तर मी त्याच्यासाठी भांडेन. पण न मोजता आकडा लिहिणाऱ्याच्या मागे युनियनने उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्यातले काही सहकारी यावर माझ्याशी वाद घालतात. ते म्हणतात, एवढ्याशा पगारात त्याच्याकडून कसली अपेक्षा ठेवता? मी त्यांना विचारतो, त्या नळाचे पाणी कुणाची मुले पितात? बंगल्यात यंत्र बसवलेले असते. मजुराच्या झोपडीत तोच नळ असतो.

परंतु न्यायमूर्तींनी दोघा भावांवर ठपका ठेवून फाइल मिटवली नाही, आणि म्हणूनच मी त्यांचा अहवाल मोठा मानतो. त्यांनी विचारले की पाच नंबरच्या विहिरीवर शिल्लक क्लोरीन अखंड मोजणारे यंत्र का नव्हते? ते असते तर ही साथ आलीच नसती. सरकारचे तपासनीस १९९१, १९९५ आणि १९९८ साली येऊन गेले. विहीर धोक्याची आहे आणि वहीतले आकडे खोटे आहेत, हे त्यांच्या ध्यानात कसे आले नाही? पर्यावरण खात्याची तीस टक्क्यांहून अधिक माणसे काटकसरीत कमी केली, तेव्हा त्यातल्या धोक्याचा इशारा मिळूनही तो का ऐकला गेला नाही? गावाच्या मंडळाच्या सदस्यांनी १९९८ चा तपासणी अहवाल हाती आल्यावर व्यवस्थापकाला खोदून का विचारले नाही? आणि हेही त्यांनी स्पष्ट लिहिले की कर्मचाऱ्यांनी पाच नंबरच्या विहिरीवर रोजची शिल्लक खरोखर मोजली असती, तर साथीचा आवाका पुष्कळच आटोक्यात राहिला असता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणे हे आमच्याकडे नेहमी चालते. साहेब कर्मचाऱ्याचे नाव सांगतो, आम्ही साहेबाचे सांगतो.

त्या प्रांताने नंतर २००२ साली सुरक्षित पिण्याच्या पाण्याचा कायदा केला. वाईट निकाल ताबडतोब कळवणे प्रयोगशाळेवर बंधनकारक झाले. २००४ साली त्याच वॉकरटन गावात पाणी कामगारांचे प्रशिक्षण केंद्र उघडले. पुढे २०१२ च्या अखेरीस एक कलम लागू झाले, त्याप्रमाणे गावाच्या पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या निवडून आलेल्या सभासदांनीही पुरेशी काळजी घेतलीच पाहिजे, नाही घेतली तर जबाबदारी त्यांच्या अंगावर. ही तरतूद मला फार आवडली. आपल्याकडे टाकीच्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर सात नावे असतात, आणि साथ आली की आठवे नाव निघते, पाणी सोडणाऱ्याचे.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीला जलसुरक्षक नेमावा लागतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याच्या साधनांची पाहणी होते आणि धोका पाहून पंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले, त्यात गावोगावच्या पाच स्त्रियांना तपासणीच्या पेटीचे शिक्षण देण्याची योजना आहे. या पेटीतल्या एका बाटलीत नमुना भरून ठेवला आणि तो काळा पडला, तर पाणी दूषित. अशी साधी परीक्षा आजीबाईसुद्धा वाचू शकते. हे सारे चांगले आहे. पण मघाशी ज्या मानकाचा उल्लेख केला, ते बाटलीबंद पाण्याच्या मानकासारखे कायद्याने सक्तीचे नाही. नळाच्या पाण्याच्या बाबतीत ते मार्गदर्शक एवढेच. विकतच्या बाटलीमागे कायदा उभा आहे, आणि गावच्या नळामागे मार्गदर्शन!

आणि तो जलसुरक्षक कोण? बहुतेक ठिकाणी आमचा तोच पाणी सोडणारा. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याच्या किमान वेतनातला सरकारचा वाटा गावाच्या करवसुलीशी बांधलेला आहे. गावाने पट्टी भरली नाही की याच्या पगाराला कात्री. म्हणजे ज्याने पट्टी थकवली त्याचा नळ बंद करण्याची हिंमत याला नाही, आणि ती वसूल न झाल्याची शिक्षा मात्र याला. अशा माणसाने सकाळी शून्य आकडा पाहिला, तर तो वहीत लिहील का? लिहिला तर विचारतील, पावडर का टाकली नाहीस? पावडर संपून पंधरा दिवस झाले, असे तो सांगेल तर विचारतील, मागणी का केली नाहीस? म्हणून तो ०.२ लिहितो. खोटा आकडा लिहिला तर कुणी काही विचारत नाही. खऱ्या आकड्याने मात्र भानगड मागे लागते. ही रचना जोवर उलटी होत नाही, तोवर नुसत्या वह्या वाढवून काही साधणार नाही.

म्हणून आमच्या संघटनेने पंचायतींपुढे ज्या मागण्या ठेवल्या आहेत त्यांत पगारवाढ आहेच, पण तिच्या बरोबरीने आणखी काही आहेत. शून्याचा आकडा लिहिणाऱ्याला नोटीस देता कामा नये, उलट तो त्याच दिवशी फळ्यावर लिहून सरपंचांनी गावाला सांगावा. पावडरीचे पोते आले की त्यातला क्लोरीन तपासून घ्यावा. मोजे, चष्मा आणि तोंडाला फडके मिळावे. जिन्याला कठडा नसलेल्या टाकीवर पहाटेच्या अंधारात बादली घेऊन चढावयास कुणाला सांगू नये. आणि पाणी दूषित आहे असे वरच्या कचेरीला सांगणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहावी, त्याला निनावी फोन करण्याची पाळी येऊ नये. यांतल्या पुष्कळ मागण्यांना पैसा लागत नाही. तरी त्या मान्य होण्यास पगारवाढीपेक्षा जास्त वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही शहरातली माणसे. तुम्हांला वाटेल, हा खेड्याचा प्रश्न झाला, आमच्याकडे नगरपालिकेचे पाणी आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुलियन-बारे नावाच्या आजाराची साथ आली. माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. काही रुग्णांच्या तपासणीत सापडला तो कॅम्पिलोबॅक्टर, वॉकरटनच्या विहिरीत उतरलेल्या दोन जंतूंपैकी एक. ही गावे २०२१ साली महापालिकेत आली होती. तेव्हा संशयाचे बोट पाण्याकडेच वळले. हद्द बदलली म्हणून पाणी बदलत नाही.

आणि ज्या सोसायटीत तुम्ही राहता, तिच्या आवारात बोअर आहे, उन्हाळ्यात टँकर येतो, जमिनीखाली टाकी आहे, गच्चीवर टाकी आहे. म्हणजे तीही एक लहानशी पाणीयोजनाच झाली. तिचा पाणी सोडणारा म्हणजे तुमचा वॉचमन. टँकरचे पाणी खालच्या टाकीत पडते तेव्हा त्यात क्लोरीन किती आहे हे कुणी पाहिले आहे का? वार्षिक सभेत रंगकामावर दोन तास वाद होतो. पाण्याचा विषय निघतो तो किती आले एवढ्यापुरता.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. मी तपासणीची पेटी बरोबर आणली आहे, आणि आमचे एक पाणी सोडणारे सहकारीही आले आहेत, ते मागच्या रांगेत बसले आहेत. सभा संपली की या आवारातल्या नळाचे पाणी, म्हणजे आपण सर्वांनी मघाशी माठातून प्यायलो तेच पाणी, ते तपासून दाखवतील. ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे. जो आकडा येईल तो संयोजकांच्या वहीत लिहू.